उजवीकडची सीट

मित्रांनो, तुम्ही मला जुनी म्हणा, मला राग नाही. मी एक अमेरिकन मोटार आहे आणि माझे स्टिअरिंग डावीकडे आहे. माझ्या आयुष्यातली सारी गंमत आणि सारे दुखणे या एकाच गोष्टीत आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

माझा जन्म डेट्रॉइटच्या कारखान्यातला, १९५१ सालचा. रंग फिकट हिरवा, पुढे चकाकणारी जाळी, आणि मागची सीट एवढी ऐसपैस की पोरांनी तिच्यावर खुशाल लोळावे. एका तेल कंपनीच्या साहेबाबरोबर मी कुवेतला गेले आणि तिथल्या वाळूत खोकत वर्षे काढली. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने मला विकायला काढले. तिथे फिटरचे काम करणाऱ्या नागपूरच्या देवाजींनी मला घेतले. सोबतचे लोक हसले. ट्रान्झिस्टर न्यावा, घड्याळ न्यावे, हे धूड कशाला?

देवाजी म्हणाले, "मायी माय छप्पन साली उमरेडवरून नागपूरले पायी आली होती, दीक्षा घ्याले. आता ते दर दसऱ्याले मोटारीत येईन."

मला क्रेनने उचलून जहाजात ठेवले. मुंबईच्या गोदीत मी कस्टमच्या शेडमध्ये धूळ खात पडले. देवाजी रोज येत, या टेबलावरून त्या टेबलावर फिरत, आणि जाताना माझ्या टपावर हात ठेवून जात. अखेर सुटका झाली. आम्ही नागपूरला पोहोचलो तेव्हा सारी वस्ती रस्त्यावर आली होती. देवाजींची आई, बायजाबाई, उमरेडहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी मला एक फेरी घातली आणि विचारले, "हे चाक इकडं काहून गा?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. माझा चालकही डावीकडेच बसतो. पुढे ट्रक असला की त्याला पलीकडचे काही म्हणता काही दिसत नाही. दिसते ते उजवीकडच्या सीटवर बसणाऱ्याला. त्या सीटवर देवाजींची बायको, चंद्रकलाबाई बसत. देवाजी विचारायचे, "जाऊ का?" चंद्रकलाबाई मान बाहेर काढून बघायच्या आणि म्हणायच्या, "जा," किंवा "थांबा." त्यांच्या शब्दाशिवाय माझे चाक वळत नसे. मला तो संसार फार आवडे. दोघे मिळून एक गाडी चालवत होते.

दसऱ्याला बायजाबाईंना उमरेडहून आणायचे आणि परत सोडायचे, हे माझे मुख्य काम. त्या मागच्या सीटवर पांढरे लुगडे नेसून ताठ बसायच्या आणि ओळखीचे कोणी दिसले की हात हलवायच्या. खोटे कशाला बोलू, मी फार शेफारले होते.

असेच एका दसऱ्यानंतर आम्ही त्यांना सोडायला निघालो. उमरेड रोडवर पुढे कोळशाचा ट्रक होता. बायजाबाईंना मागे डुलकी लागली होती. देवाजींना परतून कामावर जायचे होते. त्यांनी विचारले, "जाऊ का?"

"थांबा, बंडी येऊन राहिली," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

तरी देवाजींनी मला ट्रकच्या बाजूने पुढे काढले. समोर बैलबंडी पाहताच त्यांनी मला रस्त्याखाली घातले. मी बाभळीवर आदळले. माझा उजवा दिवा फुटला, चंद्रकलाबाईंच्या कपाळातून रक्त आले आणि बायजाबाईंचा पाय मोडला. बैलांना काही झाले नाही.

लोक धावले. बायजाबाई कण्हत लेकाला म्हणाल्या, "देवा, पाहाचं नाही का गा?"

आणि देवाजींच्या तोंडून निघून गेले, "हिनंच जा म्हटलं, माय."

मित्रांनो, एवढे चार शब्द. चंद्रकलाबाईंनी फक्त एकदा नवऱ्याकडे पाहिले. मग पदर कपाळाला लावला.

पाय नीट सांधला नाही. बायजाबाई नागपूरलाच राहायला आल्या. चंद्रकलाबाई त्यांना न्हाऊ घालत, पाय चोळून देत, पण बायजाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत. नातीला म्हणत, "उत्तरा, तुया मायले सांग, चहा पाह्यजे." माय तिथेच उभी असे. देवाजी ताट पुढे घेऊन बसत आणि घास चिवडत राहत.

त्यांनी मला दुरुस्त केले, उजव्या बाजूला दुसऱ्या गाडीचा दिवा बसवला आणि ताडपत्री घालून अंगणात उभे केले. कोणी विकत मागितली तर नाही म्हणत. कधी एकटेच येऊन स्टिअरिंगमागे बसत आणि उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत. मला बोलता येत नाही, याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते. खरे काय ते त्या दोघांना माहीत होते, आणि मला.

अशी वर्षे गेली. ब्याऐंशी साली बायजाबाई फार थकल्या. म्हणाल्या, एकदा उमरेडचे घर दाखव. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. देवाजींनी ताडपत्री काढली, बॅटरी बदलली, मला धुतले. बायजाबाईंना मागे बसवले. चंद्रकलाबाई दारातच उभ्या राहिल्या. उजवीकडच्या सीटवर देवाजींनी उत्तराला बसवले. ती आता कॉलेजात जात होती.

"मी विचारीन, तू पाहून सांगजो," ते तिला म्हणाले.

मागून बायजाबाई म्हणाल्या, "नीट पाहाजो वं पोरी. तुया मायसारखी चुकू नको."

"नाही चुकणार, आजी," उत्तरा म्हणाली.

देवाजींनी किल्ली घातली, पण फिरवली नाही. मग ते खाली उतरले आणि मागच्या दाराशी उभे राहिले.

"माय, तिनं थांबा म्हटलं होतं. मीच गेलो. आणि खोटं मीच बोललो."

बायजाबाईंनी काठी उचलून खिडकीतून माझ्या पत्र्यावर जोरात हाणली. ती देवाजींसाठी होती, हे मला कळले. तो पोचा मी अजून मिरवते.

"चंद्रकला," त्यांनी हाक मारली. "तू समोर बस वं, बाई."

चंद्रकलाबाई आल्या. उत्तरा मागे गेली. उमरेड रोडवर पुन्हा कोळशाचा ट्रक लागला. देवाजींनी हळूच विचारले, "जाऊ का?"

माझा नवा दिवा ट्रकच्या कडेने पार पुढे बघत होता. रस्ता लांबवर मोकळा होता.

"थांबा," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

देवाजी थांबले. थोड्या वेळाने पुन्हा विचारले. "थांबा." बायजाबाईंनी मागून वाकून मोकळा रस्ता पाहिला आणि त्या पुन्हा मागे टेकून बसल्या. उमरेडपर्यंत आम्ही त्या ट्रकच्या मागेच गेलो. माझे धुतलेले अंग काळे झाले आणि देवाजींचे डोळे वाहत होते. ते कोळशाच्या भुकटीने, असे त्यांनी उत्तराला सांगितले.

मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी द्या, पावसात झाका. मी आणखी पुष्कळ वर्षे चालेन. पण तुमच्यासाठी जो रस्ता बघतो, त्याला आधी जपा. त्याचे ऐकले नाही आणि चुकलात, तर चूक त्याच जागी, त्याच वेळी आपली म्हणा. माझा फुटलेला दिवा आठवड्यात बदलून मिळाला. चंद्रकलाबाईंची ती वर्षे कोणत्याच गॅरेजात मिळाली नाहीत.