एका कपाचं मशीन आणि सासूबाईंची जीभ

सासूबाईंचा उजवा हात मनगटाशी मोडला आणि नेमकं त्याच आठवड्यात बायकोला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. बायको नर्स. हे प्रशिक्षण हुकलं असतं तर पुढचं दोन वर्षांनी. तिने एका संध्याकाळी सगळं ठरवून टाकलं. आई आपल्याकडे राहील, नवरा तिचं बघेल, आणि सकाळच्या कॉफीसाठी तरी आईला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून घर बदलणाऱ्या एका मैत्रिणीकडून तिने एका कपाचं कॉफी मशीन उचलून आणलं. कॉफीची पूड भरलेली छोटी डबी ठेवायची, झाकण पाडायचं, बटण दाबायचं. अगदी डाव्या हाताचा मळ, आणि सासूबाईंना तर डावाच हात उरला होता.

बायको गेली. घरात राहिले दोघं : लिफ्ट दुरुस्त करणारा जावई आणि पाण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या सासूबाई. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण बायको मध्ये नसताना हे दोघं दहा मिनिटांच्या वर कधी एकत्र बसले नव्हते. सासूबाई त्याला ‘अहो’ म्हणायच्या आणि तो त्यांच्यासमोर सोफ्याच्या कडेला बसायचा, जणू कुणी हाक मारली की उठून जायचं आहे.

पहिल्या सकाळी तो बूट चढवत होता तेवढ्यात सासूबाई एका हातात कप घेऊन, जपून पावलं टाकत बाहेर आल्या.

“घ्या. बघा जमलीय का.”

त्याने घोट घेतला. पुठ्ठा भिजवून ते पाणी कोमट केलं तर लागेल तशी चव, आणि शेवटी जिभेवर कडवट काहीतरी चिकटून राहिलेलं. पण समोर प्लॅस्टरमधला हात होता आणि त्यावरचा अपेक्षेने भरलेला चेहरा.

“छान झालीय,” तो म्हणाला.

“नक्की?”

“एकदम.”

मान हलवून सासूबाई आत गेल्या. त्याला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कप आला, पुन्हा “कशी आहे?” आणि पुन्हा “छान.” तिसऱ्या दिवसापासून तो ‘रस्त्यात पितो’ म्हणून कॉफी थर्मासमध्ये भरून न्यायला लागला आणि खाली पोचल्यावर पार्किंगमधल्या नळाखाली ओतायला लागला. त्याचं त्यालाच ओशाळं वाटायचं. मग तो स्वतःची समजूत घालायचा : सहा आठवड्यांचाच तर प्रश्न आहे.

दहाव्या दिवशी थर्मास कामावरच राहिला होता. हातात भरलेला कप, सासूबाई आत एका हाताने कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्याने कानोसा घेतला, हळूच स्वयंपाकघरात शिरला आणि कप सिंकमध्ये उपडा केला.

“अहो,” मागून आवाज आला.

तो तसाच थिजला. रिकामा कप अजून तिरकाच होता.

“रोज ओतता?”

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. “रोज,” तो म्हणाला. “सॉरी, आई.”

सासूबाई खुर्ची ओढून खाली बसल्या. आता बोलणी खावी लागणार, या तयारीने तो उभा राहिला. पण त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“म्हणजे कॉफी वाईट आहे?”

“फारच.”

“पुठ्ठ्यासारखी? आणि मागाहून खडूसारखी?”

“पुठ्ठा तर आहेच. खडूचं मला नाही कळलं.”

“मग माझी जीभ शाबूत आहे!” सासूबाईंनी डावा हात टेबलावर आपटला. “अहो, दहा दिवस मी काय काळजीत आहे! मला वाटलं, माझी जीभच गेली. तुम्ही रोज छान म्हणता आणि मला ती तोंडात धरवत नाही. मी म्हटलं, संपलं. वय झालं.”

मग त्यांनी सांगितलं तेव्हा त्याला त्यातली गोम कळली. प्रयोगशाळेत यंत्रं होती, पण काही दोष यंत्राआधी माणसाच्या जिभेला लागतात. म्हणून रोज सकाळी दहा पेले ओळीने मांडून ठेवत आणि सासूबाई एकेक घोट चाखून सांगत : यात गंज उतरलाय, यात शेवाळाचा वास आहे, हे चालेल. एकतीस वर्षं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी चवीबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि आता त्यांनीच कप पुढे करून विचारलं, तर हा रोज खोटं बोलला होता.

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही,” तो पुटपुटला.

“त्यापेक्षा तोंडावर थू म्हणाला असतास तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. रागाच्या भरात त्या त्याला ‘अरे-तुरे’ करून गेल्या होत्या. दोघांच्याही ते लक्षात आलं.

त्या दिवशी त्याने कामावर फोन करून तासभर उशिरा येतो म्हणून सांगितलं.

“आधी डबीच नको,” सासूबाई म्हणाल्या. “नुसतं पाणी काढ.”

मशीनमधून निघालेलं साधं गरम पाणी त्यांनी जिभेवर घोळवलं, डोळे मिटले आणि सिंकमध्ये थुंकल्या. “खडू. नळाचं पाणी जड आहे, आणि मशीनच्या पोटात क्षाराचे थर बसलेत. तुझ्या बायकोच्या मैत्रिणीने हे कधी धुतलेलंच नाही.”

आता त्याचा प्रांत सुरू झाला. त्याने प्लग काढला, टाकी उचलली, बॅटरी पाजळून आत बघितलं. डबीला भोक पाडणारी पोकळ सुई जुन्या कॉफीच्या चुऱ्याने अर्धी बुजलेली होती. कामाच्या हत्यारांच्या पेटीतल्या बारीक तारेने त्याने ती मोकळी केली. संध्याकाळी येताना तो सायट्रिक ॲसिडची पूड आणि पाणी गाळायचा जग घेऊन आला. पूड टाकीतल्या पाण्यात विरघळवून मशीन चालवलं तर तोटीतून पांढरट, गढूळ पाणी आलं. ते बघून दोघांना इतका आनंद झाला, की कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. मग साध्या पाण्याने चार वेळा खळबळून घेतलं. चौथ्या वेळी सासूबाईंनी चाखून परवानगी दिली.

दुसऱ्या सकाळी गाळलेल्या पाण्याची पहिली कॉफी. सासूबाईंनी घोट घेतला.

“खडू गेला. पुठ्ठा आहे.”

“बटण कुठलं दाबलंत?”

“मोठ्या कपाचं. कप मोठा आहे ना.”

तो हसला. “आई, डबीत कॉफी तेवढीच असते. बटण मोठं दाबलं की पाणी तेवढं जास्त जातं. चार जणांची लिफ्ट आणि तुम्ही दहा जण चढवताय.”

“हे तू दहा दिवस बघत होतास?”

“बघत होतो कुठे? मी पार्किंगमध्ये होतो.”

सासूबाई खळखळून हसल्या. लहान कपाचं बटण दाबल्यावर कॉफी निम्मी आली, पण तिला कॉफीचा वास होता. सासूबाईंची शिस्त अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत टिपून ठेवायची. लिहायचं त्याने, कारण हात त्यांचा अडकलेला. आधी डबीशिवाय एक कप गरम पाणी काढून कप आणि मशीन दोन्ही तापवलं, की कॉफी कढत येते, हे बुधवारी टिपलं. गुरुवारी कळलं, की मैत्रिणीने मशीनसोबत दिलेल्या डब्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

शुक्रवारी तो पुन्हा पुन्हा भरता येणारी एक रिकामी डबी आणि ताज्या भाजलेल्या बियांची पुडी घेऊन आला. बिया घरी दळल्या. हौसेपोटी त्याने त्या पिठासारख्या बारीक केल्या, डबीत गच्च दाबून भरल्या आणि बटण दाबलं. मशीन कण्हलं, थरथरलं, आणि झाकणाच्या फटीतून काळ्या पाण्याची चिळकांडी थेट सासूबाईंच्या प्लॅस्टरवर.

“आई! भाजलं नाही ना?”

“नाही रे, प्लॅस्टर आहे.” त्यांनी हात नाकाशी नेऊन हुंगला. “वास मात्र फर्स्ट क्लास.”

मग जाड दळून पाहिलं, तर पाणी धो धो करत निघून गेलं आणि कॉफी पाणचट. शेवटी मिठापेक्षा किंचित जाड दळायची, डबी काठापर्यंत न भरता थोडी मोकळी ठेवायची आणि दाबायची नाही, नुसती थोपटायची, हे जमायला रविवार उजाडला. त्या सकाळी सासूबाईंनी घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. तो वही उघडून, पेन धरून उभा.

“आई, काय लिहू?”

“थांब जरा. पिऊ दे.”

बायको सहा आठवड्यांनी परत आली ती दोघांच्या भांडणातच. तो म्हणत होता, बियांची नवी पुडी जास्त भाजलेली आहे. सासूबाई म्हणत होत्या, पाण्याची गाळणी बदलायला झालीय. तिने बॅग दारातच ठेवली.

“काय चाललंय? तुम्ही दोघं बोलता?”

“तू मध्ये पडू नकोस,” सासूबाई म्हणाल्या, आणि मग भान येऊन त्यांनी लेकीला जवळ घेतलं. प्लॅस्टर निघालं होतं. त्या जागेची कातडी लहान मुलासारखी गुलाबी दिसत होती.

पुढच्या महिन्यात सासूबाई आपल्या घरी गेल्या. पण बायकोने ही गोष्ट इमारतभर केली होती, आणि तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरणीच्या कानावर ती गेलीच. तिच्या दवाखान्यात पेशंटसाठी असंच एक मशीन होतं आणि दाढदुखीपेक्षा जास्त तक्रारी त्याच्या कॉफीच्या येत होत्या. एका शनिवारी दुपारी जावई पेटी घेऊन आणि सासूबाई वही घेऊन तिथे हजर झाले.

डॉक्टरणीने दोघांना कप दिले आणि जरा धाकधुकीनेच विचारलं, “फार वाईट आहे का हो?”

जावयाने सवयीने तोंड उघडलं. पण सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

“भयंकर आहे,” तो म्हणाला आणि मशीन उघडायला बसला.