यशोदाकाकीच्या गाडीचं ऑइल

विकायला काढलेली जुनी गाडी बघायला बोलावलं की मी आधी बॉनेटला हात लावतो. गरम लागलं तर समजायचं, मालकाने आपण यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंय. थंड इंजिनाची खरखर लपवायची असते त्याला. असल्यांच्या घरचा मी चहासुद्धा घेत नाही.

मिठबावच्या यशोदाकाकीची गाडी सकाळी आठलाच कोमट लागली. माझं डोकंच सणकलं. काकी म्हणाली, रोज पूजा झाली की ती किल्ली फिरवते, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते आणि बंद करते. तिचे यजमान दाजी बोटीवर नोकरीला जाताना तसं सांगून जायचे. दाजींना देवाघरी जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिचा नेम चुकला नव्हता. गाडी मात्र अंगणाबाहेर पडली नव्हती.

आता कुठल्याशा मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडून आतला पांढरा, लोण्यासारखा थर तिला दाखवला होता. इंजिनात पाणी शिरलंय, मिळेल त्या भावात फुंकून टाका, म्हणाला. काकीला गाडी विकायची नव्हती. पण मरायला टेकलेली ठेवून तरी काय करणार? आणि घेणारा कोण, तर मीच. खरं सांगतो, त्या गाडीवर माझा दोन वर्षं डोळा होता.

मी तपासलं. रेडिएटर काठोकाठ, पाण्यात ना तेल ना बुडबुडे. धूर नाही, आवाज नाही. इंजिन चांगलं ठणठणीत होतं! पाच मिनिटांत ते पुरतं तापतच नव्हतं, आणि आमच्या दमट हवेतला ओलावा आत साचून ऑइलात मिसळत होता, त्याचाच तो पांढरा थर. गप्प बसलो असतो तर गाडी माझी. पण काकी पदराने काच पुसत उभी होती. बघवेना मला. सांगून टाकलं सगळं.

"म्हंजे मियाच तिका आजारी पाडलंय?"

"आजारी नाय गो काकी. तिका लांब जावक व्हया."

झाकण पुसलं, काकीला शेजारी बसवलं आणि गाडी मालवणपर्यंत दामटली. वाटेतल्या आचऱ्यापर्यंत ती दरवाजा घट्ट धरून देवाचं नाव घेत होती. मालवणात उतरून तिने घासाघीस करून बांगडे घेतले. परतताना दाजींच्या गोष्टी सुरू झाल्या त्या संपेनात.

अंगणात येऊन झाकण उघडलं, तर कोरडं. ऑइल बदलून देतो म्हटलं, आठवड्यातून एकदा लांब फिरवली की दहा वर्षं बघायला नको. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

काकीने माझ्या हातातली किल्ली घेऊन कमरेला खोचली.

"इकूची नाय," ती म्हणाली. "उद्या खंय फिराक जावया?"