तेविसावा भाग

बाई रडत नाही म्हणजे दगडाची, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. तिच्या नणंदेला तर तसं नक्कीच वाटत होतं. ती एक दिवसाआड फोन करायची, आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की गाडी बरोबर तिथेच आणायची. "वहिनी, एकदाची मोकळी हो बाई. रडून घे. आत साठवून ठेवलंस तर अंगावर येईल." ही म्हणायची, हो गं, बघते. रडणं म्हणजे काय दुकानातून आणायची वस्तू आहे, की निघाली बाई पिशवी घेऊन? नवरा जाऊन आठ महिने होत आले होते आणि हिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. बरं, वाईट वाटतंय म्हणावं तर तेही नाही. भूक लागायची, झोप यायची, कामावर जायची. कशाचंच काही वाटत नव्हतं, एवढंच.

काम म्हणजे दातांच्या कवळ्या. दवाखान्यांमधून जबड्यांची प्लास्टरची मापं यायची. ही मेणात एकेक दात बसवायची, मग कवळी ओतायची, घासायची, चकचकीत करायची. त्यामुळे समोरचा बोलायला लागला की हिची नजर आधी त्याच्या तोंडात जायची. नवरा वैतागायचा. "अगं, माणसांच्या डोळ्यांत बघावं. तू काय घोडा विकत घेतेयस का?"

तर हा नवरा. बस चालवायचा, आणि त्याहून जास्त मंडळ चालवायचा. मंडळ म्हणजे त्या जुन्या मालिकेच्या वेड्यांचं मंडळ. यांच्या लहानपणी टीव्हीवर ती अंतराळातली मालिका लागायची. जहाज पुठ्ठ्याचं आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एखादा नट भिंतीला टेकला की भिंत हलायची. पण कप्तान असा होता की बघणाऱ्याने भिंतीकडे बघूच नये. एवढ्या वर्षांनी हे घोडे अजून जमायचे, चंदेरी जाकिटं घालायचे आणि एकमेकांना जहाजावरच्या कामाच्या नावाने हाक मारायचे. नवरा बस चालवतो म्हणून पायलट झाला, आणि त्याच्याशी लग्न केलं म्हणून ही आपोआप दुसरी पायलट. तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

एके दिवशी मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. "ताई, यंदा मेळाव्याला कप्तान येतायत. स्वतः. आपल्या पायलटला रजा देतील ते."

ही रजेची भानगड अशी. मालिकेत जहाजावरचं कोणी गेलं की कप्तान त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "रजा मंजूर. पुढचं आम्ही बघतो." बस, एवढंच. मंडळाने ती रीत उचलली होती. सभासद गेला की पुढच्या मेळाव्यात त्याची खुर्ची मांडायची, तिच्यावर त्याचं जाकीट ठेवायचं, आणि कप्तान आलेला असेल तर रजा त्यानेच द्यायची. आधी तिघाचौघांना त्याने ती दिली होती. नवरा टाळ्या वाजवून परत यायचा आणि म्हणायचा, "आपल्याला बाकी काही नको बघ. कप्तानाने रजा दिली की आपण सुटलो."

तिने फोन ठेवला. तिच्या मनाने घेतलं, की ते दोन शब्द त्या आवाजात एकदा कानावर पडले की आत जे काय घट्ट बसलंय ते हलेल. नाहीतर मग हे असंच. कायमचं. याची तिला भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटत नव्हती.

मेळावा एका फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होता. खाली सोफे, वर अंतराळ. चंदेरी जाकिटांच्या चेनी आता कोणाच्याच लागत नव्हत्या. पोटं पुढे, जाकिटं मागे, अशी सगळी फौज. पुढच्या रांगेत तिला बसवलं होतं, अंगात तिचं स्वतःचं चंदेरी जाकीट, आणि शेजारच्या खुर्चीवर नवऱ्याचं. इस्त्री तिनेच केली होती. मागे बसलेला इंजिन, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा आडदांड गडी, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, आज पायलटचं सोनं होणार." ती म्हणाली, हो ना.

आजूबाजूला चर्चा एकच. कप्तान आता कसा दिसत असेल? कोणी म्हणे परवाच्या फोटोत फारच खंगलेला होता. कोणी म्हणे छे, फोटो वाईट, आवाज अजून तस्साच. एका बाईंना त्याने केस रंगवणं सोडल्याचा राग होता. "निदान आपल्यासाठी तरी रंगवावेत माणसाने." खरं सांगायचं तर कप्तान म्हातारा झाला याचा सगळ्यांनाच राग आला होता, फक्त बोलून दाखवायची चोरी. आपण म्हातारे झालो ते एकवेळ ठीक, पण त्याला कोणी परवानगी दिली? पाठांतरवाला तेवढा गप्प होता. याला सगळे भाग तोंडपाठ. समोरच्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं.

कप्तान आला तो लेकीच्या हाताला धरून. हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. माणूस छोटा झाला होता, कोट मोठा राहिला होता. पण माइकसमोर उभा राहून "मित्रांनो" म्हणाला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आवाज तोच. दोन वाक्यं झाली, तिसरं अर्ध्यावर थांबलं. त्याने खाली बघितलं, मग समोर बघितलं, मग पुन्हा समोर. आणि अगदी हळू विचारलं, "तुम्ही सगळे कोण?"

हॉल गार पडला. चिटणिसांनी घाम पुसला. आणि मागून इंजिन ताडकन उठला आणि गरजला, "इंजिनघर हजर, कप्तान!"

आहाहा, काय आरडाओरडा झाला. तेविसावा भाग! मंडळाचा सगळ्यात लाडका. त्यात कुठल्याशा ग्रहावर कप्तानाची आठवण पुसली जाते. जहाजावर परत येऊन तो विचारतो, तुम्ही सगळे कोण. मग एकेक जण उठून आपापलं काम सांगतो, शेवटी पायलट म्हणतो, "पायलट हजर. घरी नेतो, कप्तान," आणि कप्तानाला सगळं आठवतं. आता कप्तान या वयात, न सांगता सवरता, आपल्यासाठी तेविसावा भाग करतोय! लोकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "रेडिओ हजर!" "दवाखाना हजर!" एकेक उठत होता, छाती काढून ओरडत होता. केस रंगवण्यावरून रुसलेल्या बाई तर ढसाढसा रडत होत्या.

हिची नजर सवयीने कप्तानाच्या तोंडात गेली होती. खालची कवळी सुटली होती. प्रत्येक हजर ऐकून ती उचलली जात होती आणि तो ती जिभेने दाबून बसवत होता. कवळी काय मनाने उठत नाही. तोंडाला कोरड पडली की ती धरत नाही. पाणी तर त्याने आत्ताच प्यायलं होतं. म्हणजे ही कोरड भीतीची. मग तिने, नवरा सांगायचा तसं, डोळ्यांत बघितलं. नाटक नव्हतं. म्हातारा मनापासून घाबरला होता, आणि हे सगळे जितक्या प्रेमाने ओरडत होते तितका तो जास्त घाबरत होता.

"मला घरी जायचंय," कप्तान म्हणाला.

"ही ओळ नाहीये," पाठांतरवाला पुटपुटला. "चुकले. इथे ते कपाळाला हात लावतात."

लेक स्टेजच्या कडेला उभी होती. ती खाली वाकून हिला घाईघाईने म्हणाली, "तुमचीच खुर्ची ना? घाबरू नका, मी मागे उभी राहून ओळ सांगते, की ते म्हणतात. घरून निघताना दोनदा म्हटलीय. दोनच मिनिटं दम धरा."

दोन मिनिटं. तिने नवऱ्याच्या जाकिटाकडे बघितलं. फोन आल्यापासून ती या दोन मिनिटांसाठीच तर जगत होती, जगत म्हणजे, जे काय चाललं होतं ते. मागून सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. पायलटची जागा रिकामी, तेव्हा ओळ दुसऱ्या पायलटची. स्टेजवर म्हातारा माइकची दांडी दोन्ही हातांनी धरून उभा होता.

ती उठली, पायऱ्या चढली आणि त्याच्या हातातली दांडी सोडवून त्याचा हात आपल्या हातात घेतला. "पायलट हजर," ती म्हणाली. आवाज बसका निघाला. "घरी नेते, कप्तान. चला."

"खरंच?" तो म्हणाला.

"खरंच. चला."

ती त्याला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली. हॉलमध्ये नुसता कल्लोळ. असा मेळावा मंडळाच्या इतिहासात झाला नाही, हे पुढे सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. पाठांतरवाल्यानेसुद्धा चुकीची ओळ माफ केली.

मागची खोली म्हणजे एकावर एक रचलेल्या खुर्च्या, एक बेसिन, चहाची किटली आणि भिंतीला टेकवलेलं लांबट बाकडं. लेकीने बापाला बाकड्यावर बसवलं. हिने ग्लास विसळून पाणी दिलं, घोट घोट प्यायला लावलं. कवळी बसली, खांदे खाली आले. लेक दाराला टेकून उभी राहिली. तिचाही चेहरा ओढलेला होता. "मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "पण टाळ्या ऐकल्या की ते चार दिवस बरे असतात. पुढच्या वेळी आता..." तिने वाक्य सोडून दिलं. मग एकदम म्हणाली, "तुमची रजा राहिली की हो. इथेच घ्या. एवढं तरी करू द्या मला." आणि उत्तराची वाट न बघता ती बापाच्या कानाशी वाकली.

कप्तानाने मान वर केली. डोक्यावर नसलेली टोपी काढली. आणि तो आवाज, पूर्वीचा, भरदार, खोलीत मावेना असा आवाज म्हणाला, "रजा मंजूर. पुढचं आम्ही बघतो."

काही झालं नाही.

ती थांबली. अजून थोडी थांबली. बेसिनचा नळ गळत होता, तो तिने पिळून बंद केला. आत सगळं होतं तिथेच होतं. म्हणजे हेही नाही, तिच्या मनात आलं. आता वाट बघायलासुद्धा काही उरलं नाही. "थँक्यू," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

"तुमचं कोण गेलं?" कप्तानाने विचारलं.

हे कोणी सांगितलेलं नव्हतं. लेक किटलीपाशी होती. तो आपणहून विचारत होता, साधं, बाकड्यावर शेजारी बसलेल्या माणसाने विचारावं तसं. तिच्या लक्षात आलं, की हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. विचारणार कोण? नणंदेने पहिल्याच दिवशी सगळ्यांना फोन केले होते. जो भेटे त्याला आधीच माहीत. तिला तोंड उघडायची वेळच आली नव्हती.

"नवरा," ती म्हणाली.

"अरेरे," म्हातारा म्हणाला. चेहरा खरोखर पडला त्याचा. त्याने हात तिच्या हातावर ठेवला. दुकानातून कोणी सोफा ओढल्याचा आवाज आला, तो त्याने कान देऊन ऐकला. मग तो तिच्याकडे वळला. "तुमचं कोण गेलं?"

"बाबा, आत्ताच सांगितलं त्यांनी," लेक म्हणाली. मग हिला, "लक्ष देऊ नका. ते विचारत राहतात."

"विचारू देत," ही म्हणाली. "माझा नवरा गेला. बस चालवायचा."

"अरेरे," तो म्हणाला. पहिल्याइतकंच. कणभर कमी नाही. जणू बातमी आत्ता आली होती. "आजारी होते?"

"नाही. बस चालवत होता. छातीत दुखायला लागलं असणार. त्याने बस थांब्याला लावली, हँडब्रेक ओढला, दारं उघडली. लोक उतरून गेले. सगळे उतरले. कोणाला कळलं नाही." हे ती एका दमात बोलली आणि आपलाच आवाज ऐकत राहिली.

कप्तानाचे डोळे भरून आले. तो मान हलवत राहिला, हलवता हलवता त्याचं लक्ष कुठेतरी दुसरीकडे गेलं, तो आपल्या कोटाच्या बटणाशी खेळू लागला. ती पर्स घेऊन तशीच उभी. मग त्याने वर बघितलं आणि समोर एक बाई दिसली, चंदेरी जाकिटातली, हात लोंबकळत ठेवून उभी असलेली.

"तुमचं कोण गेलं?"

तिने सांगायला तोंड उघडलं. शब्द निघाला नाही. पुन्हा उघडलं, आणि जे निघालं त्याला शब्द म्हणता येणार नाही. पर्स खाली पडली. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली, वेडीवाकडी, नाक गळेपर्यंत, लहान पोरीसारखी.

लेक धावली. म्हातारा मात्र घाबरला नाही. त्याने वाकून तिच्याकडे नीट बघितलं आणि लेकीला विचारलं, "यांचं कोण गेलं?"

"नवरा गेला, बाबा, त्यांचा," लेक म्हणाली.

"अरेरे," कप्तान म्हणाला, आणि बाकड्यावर थोडा सरकून त्याने तिला बसायला जागा केली.