भाऊसाहेबांच्या खोलीचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. पितळेचं, सहा लिव्हरचं. कुणावर विश्वास ठेवणं माझ्या जातीत बसत नाही, म्हणून आधीच सांगतो, तुमच्यावरही माझी नजर आहे.

एक्याऐंशी साली ग्रामसेवक राजाभाऊंनी मला लांज्याच्या बाजारातून आणलं. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. डोंगरावरच्या वाडीला रस्ता नव्हता. कुणी आजारी पडलं की डोलीत, म्हणजे बांबूला दोरांनी टांगलेल्या खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी खांद्यावरून हायवेपर्यंत न्यायचं. भाऊसाहेबांनी खटपट करून पक्की डोली करवून घेतली आणि पंचायतीमागच्या खोलीत ठेवली. सरपंच आत्माराम म्हणाला, "भाऊसायब, कुलूप पायजेच." म्हणून मी आलो. पण भाऊसाहेबांनी मला कडीत नुसतं अडकवलं. उघडंच!

"दुखणं काय सांगून येतं? किल्ली शोधायला वेळ कुणाला?" ते म्हणाले.

मी जाम चरफडलो. एवढं कुणी फुकट करतं होय? यात भाऊसाहेबांचं काहीतरी असणारच! शिवाय तो वाडीतला भागोजी! रोज संध्याकाळी येऊन दोराला हात लावायचा. चोर, असं मी ठरवूनच टाकलं. तो सैल गाठी आवळत होता हे दिसलं, तरी मला पटेना. आज आवळतोय, उद्या नेईल. सहा वर्षं मी वाट पाहिली. डोली जायची आणि परत यायची. मेलं एक सूतसुद्धा कमी झालं नाही!

सत्त्याऐंशीत भाऊसाहेब अचानक गेले. सगळा गाव रडला. आत्माराम तर जरा जास्तच रडतोय, असं मला वाटलं. मग सभा झाली. डोलीला रंग लागला, वर भाऊसाहेबांचं नाव आलं, भिंतीवर हार घातलेला फोटो लागला. "आता ही आठवण जपाया होवी," म्हणत आत्मारामने मला खटकन दाबलं आणि किल्ली खिशात टाकली. अखेर कुणाला तरी अक्कल आली! मी खूश झालो.

पुढच्या चैत्रात भागोजीच्या बायकोला, हौसाला, लाल विंचू चावला. भर दुपारी चौघं तिला उचलून खोलीच्या ओट्यावर घेऊन आले. अंग घामाने भिजलेलं, हातपाय गार पडलेले. आत्माराम मीटिंगला रत्नागिरीला गेलेला, किल्लीसकट.

भागोजीने मला हिसडे दिले. मी घट्ट धरून राहिलो. बाहेर हौसा कण्हत होती. जन्मात पहिल्यांदा मला उघडावंसं वाटलं, पण उघडणं काही माझ्या हातात नसतं.

भागोजीने जांभा दगड उचलला. "भाऊसायब, माफी करा," म्हणाला. अरे, माफी तू कशाला मागतोस? तिसऱ्या घावाला मी तुटलो.

हौसा वाचली, अगदी थोडक्यात. आज मी खिडकीत मोडून पडलोय. आत्माराम नवं कुलूप घेऊन दारात उभा आहे आणि हौसा आत डोलीत जाऊन बसली आहे.

"लावा कुलूप," ती म्हणतेय. "मी हितंच हाय."

आता मीच बोलतो. आत्माराम, मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, त्या देवमाणसावरसुद्धा. त्याची लाज वाटते रे. ते कुलूप तुझ्या घराला लाव.