दोन बोटं

"रांगेने या, घाई नाही. प्रत्येकाला हात लावता येईल," लाल छत्री उंच धरून ती म्हणाली. हे परक्या भाषेत. मग सुताराकडे वळून आपल्या भाषेत, "काका, आज बावीस आहेत हं. जरा रंधा थांबवता?"

सुताराने रंधा बाजूला ठेवला. त्याचं दुकान घराच्या अगदी समोर, गल्ली ओलांडून चार पावलांवर. तिथून त्याला घराचं दार दिसायचं, आणि दारातून आत चाकांच्या खुर्चीत बसलेली बायको. केस विंचरलेले, मांडीवर शाल, नजर बाहेर. प्रवासी एकेक करून चौकटीच्या उजव्या खांबाशी यायचे. खांबात एक तिरकी खाच होती, करंगळीएवढी. तिला दोन बोटं लावायची, तीच बोटं ओठांना लावायची. कोणी डोळे मिटायचं, कोणी फोटो काढायचं. आणि पलीकडे, हातभर अंतरावर, ती बसलेली असायची. चौकटीत बसवलेल्या तसबिरीसारखी.

"काकू, आज छान दिसताय," छत्रीवाली म्हणाली.

"दिसणारच. माझ्याइतकी जपलेली वस्तू या गल्लीत दुसरी नाही. मलाही एक पाटी लाव की भिंतीवर."

छत्रीवाली हसली. सुतार हसला नाही.

या गल्लीत एके काळी ज्यू कुटुंबं राहायची. प्रत्येक दाराच्या उजव्या खांबात अशी खाच, खाचेत प्रार्थना लिहिलेली चामड्याची बारीक गुंडाळी. मेझुझा म्हणतात तिला. येता-जाता घरातले तिला हात लावायचे. मग महायुद्धात एका वर्षी सैनिकांनी गल्लीतली सगळी माणसं मारायला नेली. गुंडाळ्या गेल्या, नावं गेली, पुढच्यांनी दारं रंगवली, खिडक्या बदलल्या. खाच तेवढी या एका दाराला उरली होती. निदान भिंतीवरची पितळी पाटी तसं सांगत होती. खाच म्हणजे काय, तर रिकामी जागा. रिकामी जागा बघायला लोक समुद्र ओलांडून येतात, याचं सुताराला आधी नवल वाटलं होतं.

बायकोची कंबर जायबंदी झाली त्याला दोन वर्षं आणि चार महिने झाले होते. इस्पितळातून खुर्ची आली त्या दिवशी त्याने मोजपट्टी लावून दार मोजलं. डाव्या अंगाला दगडी भिंतीचा कोपरा, तो हलायचा नाही. मागे दार नाही, मागे गावकुसाची जुनी भिंत. त्याने दाराची फळी उतरवली, बिजागऱ्या काढल्या, पुन्हा मोजलं. दोन बोटं कमी. याहून अरुंद खुर्चीत तिच्या कंबरेचा आधार बसत नव्हता. उजवा खांब आतून दोन बोटं तासला की काम झालं. एका दुपारचं काम. लोकांच्या दारांची कामं करण्यात त्याचा जन्म गेला होता.

पण खाच त्याच अंगाला होती.

इस्पितळात न्यायचं असलं की चार माणसं यायची, तिला चादरीत घेऊन आडवी बाहेर काढायची. पहिल्याच वेळी ती म्हणाली होती, "औषधासाठी न्याल तेवढं न्या. हौसेसाठी कपाटासारखी बाहेर नाही यायची मी." तेव्हापासून ती बसून होती. सकाळी ऊन उंबऱ्यापर्यंत यायचं, तिच्या पायाच्या बोटांपर्यंत यायचं, आणि माघारी जायचं. कधी खुशीत असली की ती खांबाला ऐकवायची:

दारा रे दारा, काय तुझा तोरा,
दोन बोटं सरक, येऊ दे वारा.

त्याने वारसा कार्यालयाला तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर. त्याने ते तिला वाचून दाखवलं होतं: "सदर चौकटीच्या उजव्या खांबावरील खाच मूळ स्वरूपात असल्याने त्यात कोणताही फेरफार करता येणार नाही."

"ते 'मूळ स्वरूपात' पुन्हा वाचा," ती म्हणाली होती.

त्याने पुन्हा वाचलं. तिने मांडीवरची शाल सारखी केली आणि म्हणाली, "बरं. चहा टाका."

ती खाच त्याने स्वतः केली होती.

एकतीस वर्षांपूर्वी नवं लग्न करून ते या घरात आले तेव्हा खांबातल्या जुन्या खाचेमागचं लाकूड मुंग्यांनी पोखरलं होतं. बायको रोज मुंग्यांच्या नावाने बोटं मोडायची. त्याला खाचेचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याला दिसलं ते खराब झालेलं लाकूड, आणि खराब लाकडाचं काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. त्याने वीतभर तुकडा कापून काढला आणि त्याच जातीच्या लाकडाचं ठिगळ असं बसवलं की रेषेला रेषा जुळली, सांधा नखालाही लागेना. रंग दिल्यावर त्याने स्वतःच पाठ थोपटून घेतली होती.

नऊ वर्षांपूर्वी कार्यालयाची माणसं गल्लीचा एक जुना फोटो घेऊन आली. "या दाराला खाच होती. काय झालं तिचं?" ज्याने खुणा पुसल्या त्याच्यावर कारवाई होणार, असं त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला. सुताराच्या तोंडून निघून गेलं, "आहे की. रंगाखाली दबलीय. आठवड्याभरात मोकळी करून देतो." त्या आठवड्यात एका सकाळी त्याने पटाशी घेतली, आपल्याच ठिगळात खाच कोरली, धुराची काजळी आणि मेण चोळून तिला म्हातारी केली. काम झक्क झालं. कार्यालयाच्या माणसांनी भिंग लावून पाहिलं आणि पाटी ठोकून गेले.

पुढे वर्षाला शेकडो माणसं येऊ लागली. रडू लागली. आता सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि कोणाला? दर वेळी वाटायचं, हा घोळका जाऊ दे, मग बघू. घोळके जात राहिले.

आज रांगेच्या शेवटी एक म्हातारी होती. पंचाहत्तरीची, बुटकी, हातात काठी. सगळ्यांचं झालं तरी ती पुढे होईना. छत्रीवालीने तिच्या कोपराला हात लावला तेव्हा ती हळू आवाजात काहीतरी बोलली. छत्रीवालीचे डोळे मोठे झाले.

"काका! अहो काका, इकडे या. या बाईंची आई या घरात वाढली. याच घरात!"

सुतार गल्ली ओलांडून आला.

म्हातारी बोलत होती आणि छत्रीवाली वाक्यामागून वाक्य सांगत होती. "आईचे वडील तिला उचलून धरायचे, खाचेला हात पोचावा म्हणून. तिघी बहिणी होत्या. तिघींना आळीपाळीने उचलायचे. एकदा मधल्या बहिणीने केसांतल्या आकड्याने खाचेच्या तळाला तीन रेघा ओढल्या. तिघींच्या तीन. वडील रागावले नाहीत म्हणे. तिघींतली आई एकटी वाचली. मरेपर्यंत सांगायची, कोणी गेलं तर रेघा आहेत का बघा." छत्रीवालीने हातरुमालाने नाक पुसलं. "काका, टॉर्च आहे का हो?"

टॉर्च होता. सुताराने तो आणून दिला.

त्या तीन रेघा त्याला पाठ होत्या. मधली जराशी वाकडी. कापून काढलेला तुकडा त्याने टाकला नव्हता. मुरलेलं लाकूड सुतार टाकत नाही. पोखरलेली बाजू तासून त्याने तो दुकानातल्या बाकावर ठेवून दिला होता, आणि खाचेत पेन्सिली चपखल बसायच्या म्हणून त्या त्यातच ठेवायचा. कार्यालयाची माणसं आली तेव्हा तो पुढे करायचा तर कापल्याचं कबूल करावं लागलं असतं. रोज सकाळी पेन्सिल उचलली की खाली तीन रेघा दिसायच्या. एकतीस वर्षं.

म्हातारीने खाचेशी डोळा नेला. टॉर्च वर केला, खाली केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग टॉर्च बंद करून छत्रीवालीच्या हातात दिला.

"नाहीत म्हणतात," छत्रीवाली पुटपुटली. "झिजल्या असतील हो बाई. इतकी वर्षं झाली, इतके हात लागले."

म्हातारीने मान हलवली. दोन बोटं ओठांना लावली, मग खाचेला लावली आणि काठी सावरून वळली. घोळका पुढे निघाला होता.

सुतार उभा होता.

"अहो," आतून बायको म्हणाली. "पेन्सिल द्या जरा."

त्याने कानावरची पेन्सिल काढून पुढे केली.

"ही नको. बाकावरच्या आणा. ठोकळ्यासकट."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"काय बघताय? ठिगळ लावलंत तेव्हाचा भुसा कोणी झाडला होता? आणि खाच कोरलीत तेव्हाचा?" तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं ती बोलत होती. "दोन्ही वेळा मीच झाडला. वाटलं, सांगाल. पहिल्या अर्जाला वाटलं, दुसऱ्या अर्जाला वाटलं."

"तू... तुला माहीत होतं? दोन वर्षं नुसती बसून राहिलीस?"

"तुमच्या तोंडून यायला हवं होतं ना. मी सांगितलं असतं तर दार मोठं झालं असतं आणि तुम्ही लहान." "पण ती बाई चाललीय हो. आता जा."

तो गेला. बाकावर ठोकळा उपडा केला. पेन्सिली घरंगळून खाली पडल्या, तशाच पडू दिल्या. गल्लीच्या तोंडाशी त्याने म्हातारीला गाठलं आणि ठोकळा पुढे धरला.

तिने टॉर्च मागितला नाही. बोट आत घातलं. एक. दोन. तीन. मधलीवर बोट थांबलं.

"काका, हे काय आहे?" छत्रीवाली म्हणाली. "मग दारावरची?"

"ती मी केलेली."

"तुम्ही केलेली म्हणजे? चार वर्षं मी लोकांना... काका, मागच्या महिन्यात एक माणूस तिथे गुडघ्यावर बसून रडला हो!"

"मी बघितलं ना. समोरच होतो."

म्हातारीने तिची बाही ओढून काय ते विचारलं, तिने सांगितलं. म्हातारी सुताराकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आता काठी उगारेल. तिने उगारली असती तर बरं झालं असतं. ती दाराकडे वळून बघत काहीतरी म्हणाली.

"विचारतायत, त्या आतल्या बाई बाहेर का नाही आल्या?"

सुताराने दोन बोटं जुळवून दाखवली. "एवढं कमी पडतं. खाचेमुळे तासू देत नाहीत."

छत्रीवालीने सांगितलं. म्हातारी ऐकताना एकदम हसली आणि हसता हसता तोंडावर हात धरून रडली. मग गळ्यातला रुमाल सोडून तिने त्यात ठोकळा गुंडाळला, तान्हं गुंडाळावं तसा, आणि छातीशी धरून निघून गेली. माफ केलं म्हणाली नाही. नाही केलं असंही म्हणाली नाही.

"कार्यालयाला मला सांगावं लागेल, काका," छत्रीवाली म्हणाली.

"तू नको. मीच लिहितो."

पत्र त्याने त्याच दुपारी लिहिलं. बायकोने ऐकलं आणि एकच दुरुस्ती सुचवली. "'नजरचुकीने' खोडा. ठिगळ चुकीने लागलं. खाच नाही."

बारा दिवसांनी कार्यालयाचा माणूस आला. त्याने ठिगळाचा फोटो घेतला, सांधा शोधायला त्याला सुताराचीच मदत लागली. पाटीचे चार स्क्रू काढले, पाटी वर्तमानपत्रात गुंडाळली. चौकशी होईल, बोलावलं की या, म्हणाला. "आणि खांब?" सुताराने विचारलं. "खांबाचं आता काय," माणूस म्हणाला. "तुमचं दार आहे."

एका दुपारचंच काम निघालं. सालपटं गुंडाळ्या होऊन उंबऱ्यावर पडत होती. त्यातल्या एकीत खाच गेली, नेमकी कोणत्या, ते कळलंही नाही. बायकोने खुर्चीतूनच केरसुणी मागून घेतली आणि वाकवेल तेवढं वाकून सगळं बाहेर लोटलं.

"या वेळचाही मीच झाडला," ती म्हणाली.

खुर्ची निघाली. डावं चाक दगडाला किंचित घासलं आणि ती बाहेर होती. उन्हात. तिने डोळे मिटले, उघडले. गल्लीच्या तोंडाशी लाल छत्री दिसली. तिच्यामागे माणसं होती, गळ्यात कॅमेरे होते. बायकोचा हात केसांवरून फिरला. छत्री वळली नाही. सरळ पुढे गेली, आणि माणसं तिच्यामागे.

सुताराने ते पाहिलं. तो भिंतीपाशी गेला. पाटीच्या जागी चौकोन उजळ राहिला होता, कोपऱ्यांत चार भोकं. त्याचा हात आपोआप खिशातल्या, भोकं बुजवायच्या लांबीच्या डबीकडे गेला. एक बोट लांबी घेऊन तो पहिल्या भोकाशी वाकला.

"अहो."

तो थांबला.

"नका बुजवू. दिसू द्या."

त्याने बोट विजारीला पुसलं. खालची दोन भोकं तिच्या हाताला येत होती. तिने त्यातल्या एकावर बोट ठेवलं, चुन्याची भुकटी बोटाला लागली, ती तिने त्याच्या बाहीला पुसून टाकली.

"चला," ती म्हणाली. "आधी तुमच्या दुकानात. पेन्सिली अजून खालीच पडल्यात."