एका मिनिटाचा झेंडा

मी झेंडा बोलतोय, पण कुठल्या देशाचा ते विचारू नका. वर निळा पट्टा, खाली हिरवा, मध्ये पिवळा सूर्य. असा झेंडा जगात कुणाचाच नाही. उभ्या आयुष्यात मी फडकलो तो एक मिनिट.

मला शिवलं झेंड्यांच्या कारखान्यातल्या मोठ्या बाईंनी. एकतीस वर्षं त्या जुना झेंडा शिवत होत्या. निळा वर, हिरवा खाली, मध्ये राजाचा मुकुट. निळ्या पट्ट्यांची चळत डाव्या हाताला, हिरव्यांची उजव्या. बघायचं कशाला? गप्पा मारता मारता हात आपसूक जायचा.

मग देशात टूम निघाली, झेंडा बदलायचा. सभा झाल्या, भांडणं झाली, चार नमुने चौकात टांगले. एकाला कुणी म्हातारा म्हणाला, "हा तर पलंगपोस!" झालं, तो नमुना तिथेच बाद.

बाईंच्या घरी तेच. त्यांची एकुलती एक लेक, शाळेत शिकवणारी, नव्या झेंड्यासाठी दारोदार फिरायची.

"आई, त्या मुकुटाने तुझ्या आजोबांना वेठीला धरलं. तो का मिरवायचा?"

"मुकुट काढा की! पट्टे कशाला खालीवर करता?"

"हिरवा पट्टा म्हणजे आपली शेतं. ती तळाला कुणी घातली? त्यांनीच ना?"

"बरं बाई, तू शिकलेली. पण त्याच पट्ट्यांवर लहानाची मोठी झालीस."

मतं पडली, नवा झेंडा जिंकला: हिरवा वर, निळा खाली, मध्ये सूर्य. चौकात पहिला चढणारा झेंडा, म्हणजे मी, बाईंच्याच हाती आला. किती जीव लावून त्यांनी सूर्याचा एकेक किरण शिवला! सगळं ध्यान त्या सूर्यात. पट्ट्यांची वेळ आली तशी हात गेला डावीकडे, नेहमीसारखा, आणि निळा वर लागला. घडी घालतानाही लोक सूर्यच बघत राहिले.

मी चढलो, वारा प्यायलो. टाळ्या झाल्या, मग कुणीतरी पट्ट्यांकडे बोट दाखवलं, मग आरडाओरडा. मला खाली ओढलं. गर्दीत लेक उभी होती.

"मुद्दाम केलंत ना?" कारखान्याचे साहेब म्हणाले.

"नाही हो. हात चुकला."

"एकतीस वर्षांत चुकला नाही तो?" मला त्यांच्या अंगावर टाकून त्यांना कायमचं घरी बसवलं.

लेक तर त्याहून तापलेली. "चार माणसांत नाक कापलंस माझं. हरलीस ते पचलं नाही तुला."

"तुझी शपथ, मुद्दाम नाही गं."

लेकीने चपला घातल्या आणि गेली. पुन्हा त्या घरात पाऊल नाही.

"नीट करून दाखवते तिला," म्हणत बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि टाका टाका उसवू लागल्या. दुहेरी शिलाई, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. रोज वीतभर, कधी तेवढंही नाही. हिरवा पट्टा निम्मा सुटला आणि बाई गेल्या.

आज लेक आली, आईची पेटी आवरायला. तिने मला उजेडात धरलं. दारातून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं ते?"

"काही नाही काकू. तोच झेंडा. जपून ठेवला होता बघा तिने, हट्टाने. आता किडीने खाल्लाय, भोकंच भोकं."

अगं बाळ, कीड अशी सरळ रेषेत खाते का? सुईची भोकं आहेत ती. पण तिने सुई कधी हातात धरली नाही, आणि मला तोंड नाही.

आता मी चिंध्यांच्या बोचक्यात आहे. दार अजून उघडं आहे. तुमच्यात कुणाला शिवण येत असेल तर चार पावलं चालून जा, तिला एवढंच सांगा, तुझी आई हे उसवत होती.