तिसरा अंक उघडेना

दिवाळी सरली की वडशात कोणाला दम घ्यायला फुरसत नसते. भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं चढतात, कंपन्यांच्या ऑफिसांपुढे गावोगावची माणसं तारीख पक्की करायला येऊन बसतात, आणि पडदे-पेट्या लादलेली मेटॅडोर निघाली की पोट्टे मागे धावत विचारतात, "आज कोणतं?"

'पळसबहार नाट्य रंगभूमी'च्या ऑफिसपुढेही त्या दुपारी मेटॅडोर उभी होती. कुरखेड्याकडच्या एका गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती आणि तिथे 'धुऱ्यावरचा वैरी' या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. पडदे चढले, ऑर्गन चढला, दिव्यांच्या वायरी चढल्या. फक्त नाटकाचा तिसरा अंक यायचा राहिला होता.

रिना सकाळपासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरपुढून हलली नव्हती. आजवर ती कंपनीत बारीकसारीक कामं करायची. कधी नायिकेची मैत्रीण, कधी पाणी घेऊन येणारी सून. या हंगामात मालक धनराजभाऊंनी तिला प्रॉम्प्टर केलं होतं. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा श्वास. तालमी थोड्या, प्रयोग रोज. रंगमंचाच्या कडेला बसून वाक्य पुरवणारा चुकला की नटाची जीभ टाळूला चिकटते. आज तिचा पहिला दिवस, आणि हातात दोनच अंक.

लेखक श्रीहरीभाऊ सिंदेवाहीचे. त्यांनी तिसरा अंक घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप केला, कंपनीच्या पत्त्यावर मेल केला आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला निघून गेले. घराला कुलूप. त्यांचा साधा, बटणांचा फोन सोबत गेलेल्या मेहुण्याकडे होता. धनराजभाऊंनी त्याला फोन लावला.

"भाऊने मेल पाठवला म्हणते ना?"

"मेल तं गेली ना जी सकाळीच," मेहुणा म्हणाला. "आम्ही पॅसेंजरनं आलो."

धनराजभाऊंनी कपाळावर हात मारून फोन ठेवला. भाऊंना ऑपरेशनसाठी आत घेतलं होतं, ते आज फोनवर येणार नव्हते.

आणि इथे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मेलचं पान उघडत नव्हतं. पांढऱ्या पडद्यावर एक निळी रेघ डावीकडून निघायची, अर्ध्यावर यायची आणि धाप लागल्यासारखी थांबायची. रिना पुन्हा पान लोड करायची. रेघ पुन्हा निघायची, पुन्हा तिथेच थांबायची.

"निघून राह्यली का गाडी?" मागून मनकर्णाबाईंनी त्या रेघेकडे बघत विचारलं. त्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात रोवून उभ्या होत्या. जेवल्याही नव्हत्या.

सगळ्यात जास्त जीव त्यांचाच टांगला होता. मनकर्णाबाई कंपनीच्या सगळ्यात जुन्या नटी. रडवायचं काम त्यांच्यासारखं कोणी करू शकत नसे, म्हणूनच दर हंगामात त्यांना एखादी सोशीक माय मिळायची आणि ती माय दुसऱ्या अंकाच्या शेवटी मरायची. मग अख्खा तिसरा अंक त्या पडद्यामागे बसून दुसऱ्यांची लुगडी घडी करायच्या. या वर्षी पहिल्या वाचनाला त्या भर अंगणात श्रीहरीभाऊंवर कडाडल्या होत्या, "काऊन भाऊ, या सालीही मले मारता का? तिसऱ्या अंकात बाईले काही काम रायतच नाई का?" भाऊ हसले होते आणि म्हणाले होते, "तिसरा अंक अजून लिहून राह्यलो, बाई. वाचजा." या नाटकात बाईंची पारबता होती. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणारी तिची दोन पोरं. मधे पडलेल्या मायला धक्का लागतो, ती नदीत पडते आणि दुसऱ्या अंकाचा पडदा. पारबता जगली की मेली, हे कंपनीत कोणालाच माहीत नव्हतं.

"नेट गेलं असन," म्हणून धनराजभाऊंनी राउटरची पिन उपटली, फुंकली, पुन्हा लावली. दिवे हिरवे झाले. रिनाने बातम्यांचं पान उघडलं, चटकन उघडलं. गाण्याचा व्हिडिओ लावला, तो वाजला. नेट ठणठणीत होतं. मेलवर आली, रेघ अर्ध्यावर.

ऑर्गनवाला सुरज बाजूला आला. "सगळं साफ करून टाक ना वो. हिस्टरी, बिस्टरी, सगळी. माह्या फोनचं तसंच होते."

रिनाने साफसफाईची खिडकी उघडली, बाण बटणावर नेला आणि तिचा हात तिथेच थबकला. कंपनीच्या मेलचा पासवर्ड कोणाला माहीत होता? खातं काढलं होतं जुने मॅनेजर पत्रूभाऊंनी. तेव्हापासून ते याच कॉम्प्युटरवर उघडंच होतं, कोणी कधी बंद केलं नव्हतं. म्हणूनच कोणाच्या फोनवरही ते उघडता येत नव्हतं.

"पत्रूभाऊले लावा फोन," ती म्हणाली.

पत्रूभाऊ शेतात धान बांधत होते. "पासवर्ड?" ते ओरडले. "बकरीचं नाव टाकलं होतं का पोरीचं, आता आठवत नाई बाप्पा. आन खात्याले जोडला होता तो नंबर? तो सिम तं कवाच बंद झाला!"

म्हणजे एक बटण चुकीचं दाबलं की खात्याबाहेर, आणि बाहेर गेलं की परत आत यायची वाट नाही. रिनाने साफसफाईची खिडकी तशीच बंद केली. तिने माउसवरून हात काढला आणि मावसबहीण दीपिकाला फोन लावला. दीपिका चंद्रपूरला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची.

"जयभीम ताई, वर्गात आहेस का?"

"आहो. पन बोल, पोरं टाइपिंग करून राह्यले."

रिनाने एका दमात सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर टाकला. ऑफिसात नट, वायरमन, मेटॅडोरचा ड्रायव्हर, सगळे गोळा झाले.

"पयले कशालेच हात लावू नको," दीपिकाचा आवाज आला. "इन्कॉग्निटो खिडकी उघड. काळी येते ती. त्यात मेलचा पत्ता टाक."

रिनाने टाकला. पान झपकन आलं! नाव-पासवर्ड विचारणाऱ्या दोन चौकटी समोर. मागे कोणीतरी शिट्टी वाजवली.

"अजून नाचू नका," दीपिका म्हणाली. "आपल्याजवळ पासवर्ड कुठी हाये? पन एक समजलं. मेलवाल्याचं दुकान चालू हाये, तुमचं नेटही बरोबर हाये. भानगड तुमच्या ब्राउझरच्या पोटातच हाये. आता साफसफाई कर, पन नीट पाह्य. जिथी कुकीज लिहिलं हाये, त्याची खूण काढ. पासवर्डची असन तं तीही काढ. फक्त साठवलेल्या फाइली आन चित्रांची ठेव. कुकीज गेल्या का तू बाहेर गेली, समजलं?"

"समजलं."

"वाचून दाखव."

रिनाने शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचून दाखवलं. दाबलं. पान लोड केलं. रेघ निघाली, अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या जराशी पुढे सरकली. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला, आणि रेघ थांबली.

"थांबली," रिना म्हणाली. तिला रडूच यायचं बाकी होतं. बाहेर मेटॅडोरची सावली लांब झाली होती. ऊन कलायच्या आत निघायचं ठरलं होतं.

दीपिका स्वतःशीच बोलू लागली. "काळ्या खिडकीत उघडलं, साध्या खिडकीत नाई... रिना, एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरले जोडलेले जादाचे प्रोग्राम, आहेत का कोणते? वर कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह दिसते, त्यावर दाब. काळ्या खिडकीत ते बंद रायतात."

रिनाने दाबलं. खाली यादी पडली. एक मराठी टाइपिंगचं, एक जाहिराती अडवायचं, आणि एक लाल संगीतचिन्हाचं, ज्याचं नाव तिने कधी ऐकलंही नव्हतं.

"हे कोनं टाकलं?" तिने मागे वळून विचारलं.

सुरज मागच्या मागे दाराकडे सरकला. "गाने उतरवाले टाकलं होतं," तो पुटपुटला. "परवा. लावनीचा ट्रॅक पाहिजे होता ना आपल्याले."

"एकेक बंद कर," दीपिका म्हणाली. "दर वेळेस पान लोड कर."

टाइपिंगचं बंद केलं. रेघ अर्ध्यावर. जाहिरातीवालं बंद केलं. रेघ अर्ध्यावर. मनकर्णाबाईंची बोटं रिनाच्या खांद्यात रुतली. तिने लाल चिन्हापुढचं बटण सरकवलं आणि पान लोड केलं.

रेघ निघाली. अर्ध्यावर आली. अर्धं ओलांडलं आणि सरळ टोकाला जाऊन आदळली! पडदा भरून मेलच मेल. लग्नाच्या हॉलची जाहिरात, वीजबिल, एका गावाची तारखेची चौकशी, आणि सगळ्यांच्या वर जाड अक्षरात: श्रीहरी, 'तिसरा अंक, पक्का'.

जो गलका उठला, तो ऐकून समोरच्या कंपनीची माणसं रस्त्यावर आली. ड्रायव्हरने उगाचच जाऊन हॉर्न वाजवला. धनराजभाऊंनी सुरजला एक धपाटा घातला आणि लगेच मिठीही मारली. फोनमधून दीपिका ओरडत होती, "उघडलं का? अवो, सांगा ना कोनी, उघडलं का?"

"उघडलं, ताई! उघडलं!"

प्रिंटर कुरकुरत एकेक पान बाहेर टाकू लागला. पान गरम असतानाच रिना उचलायची आणि वाचायची. दुसऱ्याच पानावर ती थांबली, वर पाहिलं आणि किंचाळली, "बाई! पारबता जिवंत हाये!"

मनकर्णाबाई मागे सरल्या. त्या भिंतीला टेकल्या आणि खालीच बसल्या. "वाच," त्या म्हणाल्या. "सगळं वाच."

रिनाने अंगणात उभं राहून सगळ्यांपुढे वाचलं. नदीपलीकडच्या माणसांनी पारबताला वाचवलं आहे. इकडे पोरांनी मायची तेरवी, तेराव्या दिवसाची पंगत, मांडली आहे आणि तेरवीच्या पंगतीतही धुऱ्याचंच भांडण चाललं आहे. तेवढ्यात दारातून पारबता आत येते. पंगत उठते. दोघं पोरं समोर उभी. आणि तिथे भाऊंनी कंसात लिहिलं होतं: 'इथं पारबता बोलते. मी लिहिलेलं नाही. मनकर्णाबाईंनी त्यांच्या मनानं बोलावं. कोणी सुचवू नये.' त्यापुढे थोरल्याचा एक शब्द, आणि पडदा.

बाईंचा चेहरा उतरला. "मले लिहून द्या कोनी. मी आजवर दुसऱ्याचंच बोलली ना."

कोणी लिहून दिलं नाही. मेटॅडोरमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि मंडईचं गाव येईपर्यंत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत राहिल्या. काय बोलणार ते रिनाने दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा नाही म्हणून मान हलवली.

प्रयोगाला गाव लोटलं होतं. पहिले दोन अंक दणक्यात गेले आणि रिनाचा आवाज कुठे अडखळला नाही. तिसऱ्या अंकात पारबता दारात उभी राहिली तेव्हा मांडवातून असा हुंकार उठला की कनाती हलल्या. मग सारं शांत झालं. रिनाने हातातले कागद मांडीवर ठेवले.

"मी पान्यात पडली," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "तवा मले मराचं भेव नाई वाटलं. मले वाटलं, चुलीवर भात ठेवून आली, तो करपन. पोरं उपाशी रायतीन." त्यांनी एकेका पोराकडे पाहिलं. "तुमी धुरा मोजला, धानाची बांधी मोजली, मोहाचं झाड कोनाकडे येते ते मोजलं. माय कोनाकडे येते, हे कोनंच नाई मोजलं. आता ऐका. मी परत आली ते तुमचा सैपाक कराले नाई. मी माह्या वावरात आली. त्या धुऱ्यावर मी घर बांधीन, आन तुमाले इकडून तिकडे जाचं असन, तं माह्या दारातून जा लागन!"

पहिली टाळी बायकांच्या बाजूने पडली. मग शिट्ट्या, आरोळ्या, कोणी टोपी उडवली, कोणी डोळे पुसले. सुरज ऑर्गनवर हात ठेवून तसाच बसला होता, सूर धरायचं विसरून गेला होता. मनकर्णाबाई ताठ उभ्या होत्या. 

थोरल्याचं काम करणारा राजदीप मात्र आ वासून बघतच राहिला. त्याचा एकच शब्द उरला होता आणि तो त्याला आठवेना. रिना कडेला बसल्या जागेवरून कुजबुजली, टाळ्यांत ऐकू गेलं नाही. मग ती गुडघ्यांवर उठली आणि पूर्ण ताकदीनिशी ओरडली, "माय! माय म्हन ना बे!"

"माय!" राजदीप ओरडला आणि पायावर पडला.